अर्धी चकली

मला अर्धी चकली येते. उकड मळायची, सोऱ्यात भरायची, दाबायची आणि कागदावर गोल पाडून शेपूट चिकटवून द्यायचं, इथपर्यंत मी वाकबगार आहे. तिथून पुढे चकली तेलात जाते, बुडबुडते, रंग बदलते आणि खाण्यालायक होते म्हणतात. ते सगळं माझ्या पाठीमागे व्हायचं. पन्नाशी ओलांडलेल्या, सून आणायच्या वयाला आलेल्या बाईने असं कबूल करणं शोभत नाही, पण आमच्या घरात कामाची वाटणीच तशी होती. हमाली माझी, कला सुजाताची.

सुजाता माझी धाकटी जाऊ. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये दोन भावांचे दोन ब्लॉक समोरासमोर आहेत. मधे एवढासा पॅसेज आणि त्यात दोन्ही घरांच्या चपलांचा एकच ढीग. गेल्या वर्षी भाद्रपदात ती गेली. हे एवढ्या छोट्या वाक्यात मावतं याचं मला अजून नवल वाटतं.

परवा ऑफिसातून येताना पहिल्या मजल्यावरच भाजणीचा वास आला. दसरा होऊन गेलेला, उन्हं पुन्हा चावरी झालेली, प्रत्येक ग्रिलवर गोधड्या वाळत पडलेल्या, आणि कुणाच्या तरी कढईत तांदूळ, डाळी, धणे एकामागून एक भाजले जात होते. मी नाक वर करून उभी राहिले. धणे जरा जास्त होतायत, कडवट होणार, असं मनात आलं आणि पाय आपोआप भरभर वर चढायला लागले. चुगली करायची तर ती ताजी करावी. आपल्या मजल्यावर पोचले, समोरच्या दाराच्या कडीला हात लावला आणि मग आठवलं.

वर्ष उलटलं तरी हे होतं. कधी भाजीवाल्याने फसवलं की होतं, कधी साडीला फॉल उलटा लागला की होतं. शोक म्हटला की माणूस रडताना डोळ्यांपुढे येतो. माझा शोक बहुतेक वेळा काहीतरी सांगायला निघालेला असतो आणि पॅसेजमध्ये अडतो.

चकलीची वाटणी सासूबाईंनी केली होती. सुजाता लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीच्या आधीची दिवाळी मी एकटीने केली होती आणि त्या चकल्यांना सासरे ‘खडीसाखरेची भावंडं’ म्हणाले होते. पुढच्या वर्षी सासूबाई स्टुलावर बसल्या, आम्हा दोघींकडे गिऱ्हाइकाने बैलजोडीकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, “थोरली हाडापेराने दणकट आहे, ती दाबेल. धाकटी तळेल.” सोऱ्या जुना, पितळी, दोन्ही तळव्यांनी जोर लावून दाबायचा. सुजाता चणीने लहान, तिच्याच्याने तो हलेना. तेव्हापासून तळणाचा दिवस म्हणजे मी डायनिंग टेबलाशी, ती गॅसपाशी, आणि दोघींच्या मधे दोन पाठी.

“वहिनी, कागद.”

“देते. जरा श्वास घेऊ दे.”

“तुझ्या श्वासासाठी तेल थांबत नाही.”

चारचौघांत ती मला ‘अहो वहिनी’ म्हणायची, तळताना मात्र थेट अगंतुगं. मी भरलेला कागद मागे सरकवायची, ती न बघता हात मागे करून तो घ्यायची. थोड्या वेळाने रिकामा कागद माझ्या कोपराला टेकायचा.

“ही चकली आहे की गांधीलमाशीचं पोळं?”

“खाणारा वेढे मोजत बसत नाही.”

“आई बसतात ना बाहेर मोजत.”

सासूबाई गेल्यावरही हा संवाद तसाच चालू राहिला. मोजणारं कुणी नव्हतं, पण आम्हाला धाकाची सवय झालेली.

आम्ही आयुष्यातलं खरं जे काही बोललो ते असं पाठमोरं बोललो. तिचं दुसरं मूल राहिलं नाही, ते तिने मला चकल्या तळताना सांगितलं, नवऱ्याला सांगायच्या आधी. माझ्या ह्यांची नोकरी सुटली तेव्हा मी सगळ्यांना ‘रजेवर आहेत’ सांगत होते. ते खोटं तिच्यापाशी संपलं, तेही सोऱ्या दाबतानाच. ती वळली नाही. नुसती म्हणाली, “कागद दे. आणि उद्यापासून दूध दोन्ही घरांचं मीच घेत जाईन.” समोरासमोर बसून कुणी असं बोललं असतं तर मला रडावं लागलं असतं, तिला डोळे पुसावे लागले असते, आणि एक घाणा करपला असता.

तिची मुलगी ऋता तेव्हा लहान. परातीतली कच्ची उकड चोरून खायची तिला भारी हौस. तिखटमिठाची, गरम, बोटाला चिकटणारी. मी समोर असून मला कळायचं नाही, पण ऋताने परातीला हात लावला की सुजाता गॅसकडे तोंड ठेवूनच डावा हात मागे फिरवायची आणि बरोब्बर तिच्या मनगटावर चापट बसायची. “पोट दुखेल.” पोट कधी दुखलं नाही. ऋता मोठी झाली, कॉलेजात गेली, पुण्याला नोकरीला लागली, तरी दिवाळीला आली की टेबलाशी यायची, उकडीची गोळी उचलायची, तोंडात टाकायची आणि हात तसाच पुढे धरून थांबायची. चापट बसली की मग बॅग ठेवायला जायची.

भाद्रपदातल्या त्या दिवशी सकाळी सुजाता माझ्या दारात येऊन म्हणाली होती, “आमटी तुझ्याकडे हं आज.” आमच्याकडे ती पद्धतच होती. एका घरात आमटी, समोर भाजी, आणि जेवणाच्या वेळेला पॅसेजमधून वाट्यांची ये-जा. दुपारी भावजींनी हाक मारली तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसलेली होती, भिंतीला टेकून, एका बाजूला कललेली. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलमधून ती परत आली ती बोलण्याच्या पलीकडची होऊनच. मी आमटी केलेली होती. पुष्कळ केलेली होती.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. समोरच्या घरात सतरंजी, भिंतीला टेकून भावजी, शेजारी ऋता. माणसं यायची, भावजींचा हात हातात घ्यायची, ऋताला जवळ घ्यायची. मी चहा करत होते. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला दुधाचा थेंब नको. दुःखाच्या घरी लोक चहाच्या बाबतीत इतके काटेकोर असतात हे मला तेव्हा कळलं. एका बाईंनी कप घेताना विचारलं, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“मोठी जाऊ.”

“हो का. बरं बरं,” त्या म्हणाल्या, आणि ऋताकडे वळून डोळ्यांना पदर लावला.

त्यांची काही चूक नाही. नवरा गेलेली बाई, आई गेलेली मुलगी, यांच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार असतात. जाऊ गेलेल्या जावेला काय म्हणायचं? लोकांच्या मते जावा भांडतात. तेव्हा मला थोडं हलकंच वाटत असणार, असाही कुणाचा समज असेल. एक दूरच्या मामी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आता दोन्ही घरं तुलाच बघायची.” जणू मला बढती मिळाली होती.

अंधेरीला ऑफिसात साहेबांनी फोनवर विचारलं, “जाऊ म्हणजे एक्झॅक्टली कोण?”

“नवऱ्याच्या भावाची बायको.”

“अच्छा, देवरानी.” आणि लगेच, “मग कधीपासून येताय?”

मी सोमवारपासून गेले. कामात चुका केल्या नाहीत. लोकांनी कौतुक केलं, तुम्ही किती सावरलात. सावरायला आधी पडायची परवानगी लागते, ती मला कुणी दिलीच नव्हती, हे त्यांना काय सांगणार.

गेल्या वर्षीची दिवाळी त्यानंतर महिनाभरातच आली. दुखवट्याच्या वर्षी घरात कढई चढत नाही. कंदील नाही, तळण नाही. मग शेजारपाजार फराळ आणून देतो. आमच्या बिल्डिंगने तर आम्हाला फराळात पुरून टाकलं. आमच्या दोन घरांनी मिळून कधी केला नसेल इतका फराळ त्या वर्षी टेबलावर होता. खालच्या शाहबेन मठिया आणि घूघरे घेऊन आल्या. ताटली रिकामी परत करायची नसते म्हणून मी तीत चमचाभर साखर घालायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. “भाभी, इस साल खाली थाली चलेगी.” त्या एका वाक्याने मला जितकं बरं वाटलं तितकं त्या अख्ख्या वर्षात कशाने वाटलं नाही. रिकामं असण्याची सूट मिळाली होती.

चकल्याच चकल्या होत्या. मी प्रत्येक घरची मोडून पाहिली, अगदी जाणकारासारखी. हिचं मोहन कमी पडलंय. हिने आच मोठी ठेवली, वरून लाल नि आतून मऊ. हिने ओवा घातलाय की ओव्यात चकली घातलीय? हे सगळं मनात सुजाताच्या आवाजात उमटत होतं, आणि क्षणभर मला वाटलं, अरे, मला येतं की सगळं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की मला फक्त बिघडलेलं ओळखता येतं.

भावजींनी एक चकली हातात घेतली, टेबलावर टक टक वाजवली आणि परत ताटात ठेवली. पुन्हा कशाला हात लावला नाही. तो सगळा फराळ शेवटी मी वॉचमनला, कामवाल्या बाईंना, ऑफिसात, असा वाटून टाकला. सुखी घरांमधलं तेल आमच्या दुःखी घरातून फिरून पुन्हा बाहेर गेलं.

यंदा ती सूट संपली. वर्षश्राद्ध झालं, गुरुजी म्हणाले, “आता सणवार करायला हरकत नाही.” लोकही तसंच म्हणतात, मोकळे झालात म्हणून. वर्षभर दुःखाला निदान एक हद्द आखून दिलेली होती. हे करायचं नाही, ते करायचं नाही, म्हणजे काहीतरी करणं चालू होतं. आता सगळं करायला परवानगी आहे आणि सुजाता कुठेच नाही. पॅसेजमध्ये तिच्या निळ्या सपाता अजून आहेत. कुणी मुद्दाम ठेवल्या नाहीत, कुणी उचलल्या नाहीत. ढीग रोज हलतो आणि त्या रोज थोड्या तळाशी जातात.

ऋताचा फोन आला. “काकू, यंदा आईच्या चकल्या करशील ना?”

“अगं, मला तळता येत नाहीत.”

“इतकी वर्षं तिथेच तर होतीस.”

तिथेच होते. पाठ करून.

“करशील ना पण? मी शनिवारी संध्याकाळी येतेय.” मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “काकू, मला चव आठवेनाशी झालीय. आठवायला गेलं की नुसतं चकली असं आठवतं. आईची नाही आठवत.”

मी हो म्हटलं. असल्या वाक्यानंतर माणूस काहीही कबूल करतो.

आमचे हे म्हणाले, “एवढी कशाला दगदग? विकतच्या आणू. हल्ली काय मस्त असतात, कुणाला फरकसुद्धा कळणार नाही.”

“तेच तर,” मी म्हटलं.

शनिवारी दुपारी मी समोर गेले. तळण नेहमी त्याच घरात व्हायचं. भावजी हॉलमध्ये बंद टीव्हीसमोर बसले होते. “करताय वहिनी? करा,” म्हणाले. वरच्या फळीवरून तिची कढई काढली. आतून लख्ख, बुडाला काळी. गॅसवर ठेवली, तेल ओतलं. भाजणी तयार आणली होती, उकड पाकिटामागे लिहिल्याप्रमाणे काढली. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली आणि पंखा लावला. खूप उकडत होतं. मग गॅसकडे पाठ करून मळायला बसले.

उकड हाताला आली. बऱ्याच महिन्यांनी माझ्या हातांना त्यांचं काम सापडलं होतं आणि ते माझ्या पुढे धावत होते. भरायचं, दाबायचं, फिरवायचं, शेपूट चिकटवायचं. एक कागद भरला, मागे सरकवला. दुसरा घेतला. मागे जागा उरली नाही की उठून, न बघता, हाताशी येईल तिथे ठेवत गेले. काही बोलतही होते बहुतेक. शाहबेनच्या सुनेबद्दल, लिफ्टच्या वर्गणीबद्दल, मला पुढच्या वर्षापासून पहाटे फिरायला जायचं आहे त्याबद्दल. मी दरवर्षी हे म्हणते आणि दरवर्षी मागून “हो, आणि मी विमान चालवायला शिकणार” असं उत्तर येतं. सोऱ्यातून एकसारखी, न तुटता, इतकी सुरेख धार पडत होती की सासूबाईंनीसुद्धा वेढे मोजून मान डोलावली असती.

पीठ संपलं तेव्हा मी मान वर केली.

टेबल भरलं होतं. खुर्च्यांवर कागद होते. ओट्यावर, वॉशिंग मशीनच्या झाकणावर, इस्त्रीच्या टेबलावर, सगळीकडे कच्च्या चकल्या होत्या. इतकी वर्षं भरलेला कागद मागे सरकवला की रिकामा होऊन परत यायचा. एका दिवाळीच्या चकल्यांना एवढी जागा लागते हे मला ठाऊकच नव्हतं. मी वळले. तेल गार होतं. गॅस मी पेटवलाच नव्हता. ‘कागद’ म्हणून कुणीतरी मागेल, याची हात वाट पाहत होते, आणि हातांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

आणि वर पंखा फिरत होता. तळणाच्या दिवशी पंखा लावायचा नाही, ज्योत हलते आणि उकड वाळते, हे सुजाता दरवर्षी ओरडून सांगायची. मी एक चकली उचलायला गेले. ती कागदावरून सुटली आणि बोटांत तिचे तुकडे झाले. दुसरी घेतली, तीही तशीच. वरून सुकून चिरा पडल्या होत्या.

भावजी दारात येऊन उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. पुढे झाले, गॅस पेटवला, बायकोच्या कढईपाशी आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले.

“द्या वहिनी. टाकतो.”

मी तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते तेलात सोडले. तेल खदखदून वर आलं.

“कधी काढायचं?”

“बुडबुडे कमी झाले की काढायचं, असं ती म्हणायची.”

“किती कमी?”

आम्ही दोघं कढईत बघत राहिलो. दिवसाढवळ्या दोन प्रौढ माणसं, त्यातलं एक तिचा नवरा आणि एक तिची जाऊ, आणि आमच्यात मिळून एक चकली तळण्याइतकी ती उरली नव्हती. तुकडे तांबूस झाले, मग काळे झाले.

“झाले वाटतं,” भावजी म्हणाले.

“वाटतं.”

त्यांनी गॅस बंद केला. झाऱ्यात काळे तुकडे घेऊन ते इकडेतिकडे बघू लागले, कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मग झारा तसाच कढईवर आडवा ठेवला आणि ओट्याला धरून उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मला बोलायचं होतं. पाठीशी बोलायची सवय मलाच तर होती. पण ही पाठ फार रुंद होती आणि ती हलत होती.

तेवढ्यात ऋता आली. खांद्याला बॅग, कपाळावर घाम, चपला पॅसेजच्या ढिगात भिरकावलेल्या. स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

“काकू, हे काय प्रदर्शन मांडलंयस?”

“वाट लागली गं. पंखा लावला होता मी.”

तिने भोवती पाहिलं. वॉशिंग मशीनवर, खुर्च्यांवर, ओट्यावर. बाबांकडे पाहिलं. कढईवरच्या झाऱ्याकडे पाहिलं. टेबलाशी आली. परातीच्या कडेला उकडीचा थोडा ऐवज चिकटलेला होता. तो तिने बोटाने खरवडला, गोळी केली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चघळत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही सापडलं की नाही, ते तिथे दिसलं नाही.

मग तिने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला, पालथा, मनगट वर. सवयीने केला असावा, कारण करून झाल्यावर ती स्वतःच दचकली. पण हात मागे घेतला नाही. गॅसपाशी भावजी उभे होते. टेबलाशी मी होते. मनगट आमच्या दोघांच्या मधोमध होतं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ होतं. चांगले दणकट हात आहेत, सासूबाईंनी पारखून घेतलेले. पण मी दाबणारी. चापट मारणं हे माझं काम नव्हतं.